फॉरमॅट मारू का, काकू?

दसरा झाला की आमच्या पिढीच्या घरांत माळा उतरवला जायचा. स्टूल, स्टुलावर पाट, पाटावर घरातला सगळ्यात हलका मुलगा आणि खाली पदर खोचून, नाकाला फडकं बांधून उभी आई. वरून एकेक वस्तू यायची आणि तिचा निकाल तिथल्या तिथे लागायचा. कल्हई उडालेलं पातेलं, गणपतीच्या मखराच्या पट्ट्या, आकाशकंदिलाचा सांगाडा, तुटक्या दांड्याची छत्री, एका चाकाने लंगडा झालेला पांगुळगाडा. पांगुळगाडा दरवर्षी वाचायचा, कारण आपल्या नाही तर शेजारच्या घरात कुणाला तरी दिवस गेलेलेच असायचे. छत्री वाचायची नाही. काय ठेवायचं ते वडील ठरवतात असा घरात समज होता आणि तो आई जपायची. प्रत्यक्षात शब्द तिचा, आणि तिच्या वर फक्त आजीचा. वडिलांचे जुने दिवाळी अंक तेवढे दरवर्षी रदबदली करून सुटत.

दोन खोल्यांत सात-आठ माणसं राहत असली की वस्तूंना शिस्त लागतेच. त्यांचे घराबाहेर जायचे रस्तेही ठरलेले होते. वर्तमानपत्रं रद्दीवाल्याकडे, त्याच्या तराजूचा काटा सरळ आहे यावर एकाही गृहिणीचा कधी विश्वास बसला नाही. जुने कपडे बोहारणीकडे. ती भर दुपारी यायची, ओट्यावर बसकण मारायची, आणि एका स्टीलच्या डब्यासाठी जरीची साडी, दोन पँटी आणि ‘अजून एखादा शर्ट बघा की वहिनी’ अशी तासभर घासाघीस चालायची. करवंट्या, मोडकी खोकी, कागद पहाटे बंबात. बंबात गेलेलं परत येत नाही हे लहानांनाही ठाऊक होतं, म्हणून तिथे टाकण्याआधी कागद उलटसुलट करून पाहिला जायचा.

पत्रांसाठी दाराजवळ तार असायची. खाली लाकडाची चकती, वर आकडा, मधे टोचलेली पोस्टकार्डं, इनलँड, विजेची बिलं, मनीऑर्डरची पोच. घराचा सगळा पत्रव्यवहार त्या हातभर तारेवर. ती भरली की एखाद्या रविवारी वडील ती उतरवून बसत. जुनं ते तळाशी, त्यामुळे तिथवर पोचायला वरचं सगळं काढावं लागे, आणि हातात आलं की वाचलं जाई. मामाला नोकरी लागल्याचं, ताईला पाहुण्यांनी पसंत केल्याचं, आत्याचं सासरहून आलेलं खुशालीचं पत्र, ज्यात खुशालीपेक्षा न लिहिलेलंच जास्त असायचं. ठेवायची ती ट्रंकेत, बाकीची बंबात. एका जातीचं पत्र मात्र तारेला कधीच लागलं नाही. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते उंबऱ्यातच वाचायचं आणि वाचून झालं की फाडून टाकायचं. मयताची बातमी कागदावर घरात ठेवायची नाही, असा दंडक होता. तो का, हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

कागदाला एवढे नियम, पण आवाजाच्या बाबतीत आमची पिढी उधळी निघाली.

ऐंशीच्या दशकात कुणाचा तरी काका दुबईहून आला, नाही तर कुणी मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणला, आणि घरात टू-इन-वन आला. पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला त्याच्यासमोर बसवलं गेलं. वडिलांनी ‘हॅलो, हॅलो’ केलं. धाकट्याने शुभंकरोति म्हटलं आणि मधेच हसला. आजी ‘अगो बाई, ह्यात काय बोलायचं?’ म्हणून गप्प बसली, मग फार आग्रह झाल्यावर जात्यावरच्या दोन-तीन ओव्या म्हणाली. मागे कुकरची शिट्टी. सगळ्यांनी तो आवाज परत परत ऐकला, आपला आवाज असा कसा म्हणून प्रत्येक जण नाराज झाला, आणि आठवडाभरात नवलाई संपली.

कॅसेट सी-सिक्स्टी असेल तर एका बाजूला अर्धा तास, सी-नाइन्टी असेल तर पाऊण. कोरी कॅसेट विकत आणावी लागे, आणि रेडिओवर बिनाका गीतमाला तर दर बुधवारी लागे. दोन बटणं एकदम दाबली की गाणं कॅसेटवर उतरायचं. ते ज्यावर उतरायचं त्यावरचं आधीचं पुसलं जायचं, तेही न विचारता.

पुसलं जाऊ नये याची सोय कॅसेटमध्येच होती. तिच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन बारके तुकडे असायचे, प्रत्येक बाजूसाठी एक. तो मोडला की त्या बाजूवर नवं रेकॉर्डिंग होत नसे. मन बदललंच तर खाचेवर चिकटपट्टी लावायची. विकतच्या गाण्यांच्या कॅसेटचे तुकडे कंपनीनेच मोडलेले असत, त्यामुळे लताबाई आणि किशोरकुमार सुखरूप राहिले. आजीच्या कॅसेटचा तुकडा मोडावा हे घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या वयाच्या माणसांमध्ये हा विषय निघाला की दर दोघांतला एक जण सांगतो, आमच्याकडेही असंच झालं. कितीतरी घरांतल्या आज्या कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्याखाली गाडल्या गेल्यात. ती गाणी आता हवी तेव्हा, हवी तितक्यांदा फोनवर फुकट ऐकता येतात. ओव्या येत नाहीत.

फोटोंचं त्या मानाने आपोआप भागलं. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीच्या रोलमध्ये १२ फोटो, पुढे ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये ३६, आणि नशिबाने सदतिसावा निघाला तर घरभर कौतुक. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, म्हणून भाद्रपदातला गणपती फाल्गुनात बघायला मिळे. डोकं कापलेला फोटोही अल्बममध्ये लागायचा, कारण त्याचे पैसे दिलेले असत.

जागा संपली असं यंत्राने आम्हाला पहिल्यांदा तोंडावर सांगितलं ते बटणांच्या फोनने. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० हा आमच्यातल्या कित्येकांचा पहिला मोबाइल. लोडशेडिंगच्या काळात त्याचा टॉर्च घराला आधार होता. मेसेजसाठी जागा बेताची. ती भरली की पडद्यावरचं पाकीट लुकलुकायला लागायचं, आणि जुना मेसेज पुसल्याशिवाय नवा आत येत नसे. एका मेसेजात रोमन लिपीतली १६० अक्षरं मावत, देवनागरीतली फक्त ७०. मराठी माणूस मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकला त्यामागे हा हिशेबही होता. पाकीट लुकलुकलं की जेवण झाल्यावर एकेक मेसेज उघडून ठरवावं लागे. लेकाचा परगावी गेल्यावरचा पहिला ‘पोचलो’ राही. बँकेचा जाई. काही बायकांनी आवडते मेसेज वहीत उतरवून मग पुसले. अशा वह्या अजूनही काही कपाटांत सापडतील. निवडायची सवय तोवर शाबूत होती.

मग मेमरी कार्ड आलं. एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. नखाएवढ्या २ जीबीच्या कार्डात चार-पाचशे गाणी मावायची. दुकानातला मुलगा विचारायचा, ‘काका, जुनी टाकू का नवी? भक्तिगीतं टाकू?’ आणि न मागितलेलं एक फोल्डर पदरचं घालून द्यायचा. आपल्याकडे काय आहे हे आपल्यालाच माहीत नाही, अशी स्थिती आमच्या आयुष्यात आली ती इथून.

स्मार्टफोन आले तेव्हा सुरुवातीला जागेची तंगीच होती. २०१४ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड वन फोनांमध्ये जागा ४ जीबी, आणि तिचाही मोठा वाटा फोनच्या स्वतःच्या कारभारात जायचा. पण इंटरनेट महाग होतं, महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरायचा, त्यामुळे भरणार तरी काय? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि महिन्याचा जीबी रोजचा झाला. धरणाचे दरवाजे वर उचलले आणि खाली आमच्या हातात तांब्या.

त्या तांब्यात जे भरलं त्याची बातमी थेट अमेरिकेत झाली. जानेवारी २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की भारतात इतके फोन अडकून का पडतात याचा शोध गूगलचे लोक घेत होते, आणि त्यांना सापडल्या सुप्रभातच्या प्रतिमा. जागा रोज संपते असे स्मार्टफोनवाले अमेरिकेत दहात एक आणि भारतात तिनात एक, असा वेस्टर्न डिजिटलचा आकडाही त्या बातमीत होता. त्याच्या महिनाभर आधी गूगलने दिल्लीत ‘फाइल्स गो’ नावाचं सफाईचं अ‍ॅप आणलं होतं. ही बातमी वाचून आमच्या मुलांना काय आनंद झाला! ‘बघ आई, तुझ्या गुलाबांनी इंटरनेट तुंबलं.’

मुलांचं हसणं मान्य, पण एक बाजू राहते. ज्यांची मुलं पुण्यात, बेंगळुरूत नाही तर न्यू जर्सीत आहेत अशी किती तरी माणसं घरात एकटी उठतात. सकाळी सातला त्यांचा वाफाळता चहाचा कप किंवा विठोबा ग्रुपवर पडला की बाकीच्यांना कळतं, उठले बरं का. दहापर्यंत कप आला नाही तर कुणीतरी फोन लावतं. हे काम त्या चित्राने चोख केलंय आणि अजूनही करतंय. त्याखालची वाक्यं पु. ल. आणि व. पुं.नी कधीच लिहिलेली नसतात, पण ते सोडून देऊ. माझी तक्रार पाठवण्याबद्दल नाहीच. सातचा कप आठ वाजता शिळा होतो, आणि आम्ही तो आठ-आठ वर्षं ठेवतो. कोपरा फाडलेलं कार्ड वाचून लगेच फाडणारी घरं आमची!

तेही उलटं झालंच. आज कुटुंबाच्या ग्रुपवर वाढदिवसाच्या केकखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, तिच्याखाली हात जोडलेली पन्नास चित्रं, त्याखाली हळदीकुंकवाचं आमंत्रण. सगळं आपोआप फोटोंमध्ये उतरतं. नातवाचा पहिला वाढदिवस शोधायला जावं तर मधे गेलेल्या माणसांचे हार घातलेले फोटो. ते पुसायला हात धजत नाही, आणि ठेवावेत असंही वाटत नाही. गेलेल्या माणसाशी झालेलं आपलं संभाषण तर कुणीच पुसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप १२० दिवस न वापरलेलं खातं साधारणपणे काढून टाकतं, मग तिथला हसरा फोटो जातो आणि करडी आकृती उरते. पण आपल्या फोनमधलं बोलणं आपण पुसेपर्यंत तसंच राहतं. यावर आमच्या आज्यांनी काय दंडक घातला असता कोण जाणे. मला विचाराल तर बातमी पुसावी, माणूस ठेवावा.

फोन कंठाशी आला की आम्ही काय करतो? काही जण मुलाला फोन करतात. तो ऑफिसातून घाईघाईत सांगतो, ‘आई, सेटिंगमध्ये जा, क्लिअर कर.’ काय क्लिअर कर, ते फोनवर समजत नाही. ‘क्लिअर कॅशे’ दाबलं तर अ‍ॅपने स्वतःच्या सोयीसाठी साठवलेला पालापाचोळा जातो, नुकसान काही नाही. ‘क्लिअर डेटा’ दाबलं, काही फोनांवर याचंच नाव ‘क्लिअर स्टोरेज’ असतं, तर अ‍ॅप आजच आणल्यासारखं कोरं होतं. बँकेच्या अ‍ॅपची नोंदणी पुन्हा करत बसावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते दाबलं आणि बॅकअप नसला तर सगळं बोलणं गेलं. गूगल फोटोजमध्येही तसाच चकवा आहे. ‘फ्री अप स्पेस’ म्हटलं तर ज्यांची प्रत गूगलकडे पोचली आहे तेवढेच फोटो फोनमधून निघतात आणि प्रत राहते. पण त्याच अ‍ॅपमध्ये एकेक फोटो धरून ‘डिलीट’ केलं तर तो तिकडूनही जातो. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस ट्रॅशमध्ये थांबतो, मग कायमचा. बंबापेक्षा एवढी एक सवलत जास्त. गूगलकडची जागाही १ जून २०२१ पासून मोजून मिळते, ईमेल आणि ड्राइव्ह धरून १५ जीबी फुकट, त्यापुढे भाडं.

बाकीचे लोक दुकानात जातात. दुकानातला मुलगा फोन हातात घेतो, दोन वेळा वर-खाली करतो आणि विचारतो, ‘काकू, फुल भरलाय. फॉरमॅट मारू का?’ त्याचा काही दोष नाही, त्याच्यामागे रांग असते. काकू विचारतात, ‘फोटो राहतील ना?’ तो म्हणतो, ‘बॅकअप असेल तर राहतील.’ आहे का, ते दोघांनाही माहीत नसतं. माळ्यावरची तुटकी छत्रीसुद्धा आईला विचारल्याशिवाय घराबाहेर गेली नव्हती, आणि इथे वीस वर्षांचा मुलगा दहा मिनिटांत दहा वर्षं उतरवतो.

आता गल्लीतून भोंगा लावून ‘जुने, बंद मोबाइल द्या, भांडी घ्या’ म्हणत फिरणारेही येतात. जरीच्या साडीसारखा फोन देऊन टब घेणं सोपं आहे. पण फोनमध्ये आपली बँक, आपले फोटो, सगळं असतं. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून, फॅक्टरी रीसेट करूनच तो घराबाहेर जावा. बंद पडलेला फोन रीसेट होत नाही. तो टबासाठी देऊच नये.

या सगळ्यात आमच्या पिढीचा गोंधळ होण्याचं खरं कारण मला वेगळं दिसतं. घरात जी वस्तू मोठी ती डोळ्यांत सलते, आणि तिची किंमतही साधारण आकाराप्रमाणे असते. फोनमध्ये तसं नाही. फोर-के दर्जाचा एका मिनिटाचा व्हिडिओ दोन-तीनशे एमबी सहज खातो, मग तो नातीच्या पहिल्या पावलाचा असो की कुणाच्या तरी वरातीतल्या डीजेचा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला एक मिनिटाचा आवाज एक एमबीसुद्धा भरत नाही. म्हणजे ‘अगं, पोचलीस का? पोळ्या झाल्या का?’ हे आईचं बोलणं पुसून जागा जवळजवळ काहीच मोकळी होत नाही. तरी ग्रुप किंवा चॅट सरसकट साफ केलं की डीजेबरोबर तेही जातं. ऐंशीच्या दशकात कॅसेट महाग होती म्हणून ओव्यांवर गाणी चढली, असं निदान म्हणता तरी येतं. आता जागेच्या नावाखाली आवाज पुसायला तेवढंही निमित्त नाही.

तेव्हा या वर्षी दसरा-दिवाळीच्या मधली एक दुपार फोनसाठी ठेवा, आणि मुलाला नव्हे, स्वतःला बसवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, त्यात ‘मॅनेज स्टोरेज’. पाच एमबीहून मोठ्या आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्या फाइली तिथे आयत्या वेगळ्या काढलेल्या दिसतील. मोठ्यापासून सुरुवात करा, डीजे आधी जाऊ द्या. मग प्रत्येक ग्रुपची माहिती उघडून ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, म्हणजे उद्याचे गुलाब फोटोंच्या गर्दीत येऊन बसणार नाहीत. पुढचे उतरूच नयेत असं वाटत असेल तर आपोआप डाउनलोडही बंद करता येतं.

आणि कुणाचंही चॅट साफ करण्याआधी त्यातले आवाज ऐका. हवा तो मेसेज दाबून धरला की वर ताऱ्याची खूण दिसते, ती लावा. साफ करताना तारांकित मेसेजही पुसायचे का, याची चौकट येते. ती रिकामी ठेवा, ते राहतात. कॅसेटचा तो प्लॅस्टिकचा तुकडा आता इथे आहे. पण तारा फक्त त्या फोनपुरता, म्हणून आवाज स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवरही पाठवा आणि एक प्रत मुलीच्या नाही तर भावाच्या फोनमध्ये असू द्या. फाइलला फोनने दिलेलं नाव ‘पीटीटी’ आणि तारीख एवढंच असतं, त्यावरून वीस वर्षांनी कुणालाही काही कळणार नाही. नाव बदलून लिहा: कुणाचा आवाज, कुठून, कशाबद्दल. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आजच संध्याकाळी त्यांच्याशी बोलताना फोनचं रेकॉर्डिंग त्यांना सांगून सुरू करा.